‘वीडफ्लॉवर’: सातवीच्या वर्गात वाचलेली कादंबरी

चोपड्याकडच्या आमच्या शाळेत केळी-कापूस पिकवणाऱ्यांची पोरं आणि सातपुड्यातली पावरा आदिवासी पोरं एकाच बाकावर बसतात. सिंथिया काडोहाटा यांची ‘वीडफ्लॉवर’ (२००६) ही इंग्रजी कादंबरी मी सातवीला शेवटच्या तासाला मराठीतून सांगत वाचून दाखवली. घंटा झाली तरी पोरं उठेनात.

सुमिको बारा वर्षांची, जपानी वंशाची अमेरिकी मुलगी. आईवडील अपघातात गेले, म्हणून धाकट्या भावासोबत कॅलिफोर्नियात काका-काकूंकडे राहते. घरची फुलशेती. फुलांची प्रतवारी, जुड्या बांधणं, सगळ्यात तिचा हात. वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाचं आमंत्रण येतं. ती नटूनथटून जाते आणि तिच्या हातात केकचा तुकडा देऊन तिला बाहेरच्या बाहेर वाटेला लावतात. हे पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावर जपाननं हल्ला केला त्याच्या आधीचं. द्वेष आधीपासून मुरलेला होता, बॉम्बनं फक्त निमित्त दिलं, हे लेखिका एका केकच्या तुकड्यातून दाखवते.

७ डिसेंबर १९४१ नंतर काका आणि आजोबांना पकडून नेतात. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आदेशावर सही करतात आणि जपानी वंशाची सुमारे १ लाख २० हजार माणसं घरादारातून उठवली जातात. त्यातले दोन तृतीयांश तर अमेरिकेचेच नागरिक! हाती धरवेल तेवढंच सामान न्यायचं. शेत सोडून जायचं म्हटल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, त्यासना काय गुन्हा व्हता?”

पुढे ॲरिझोनातली पोस्टनची छावणी. तिथलं ऊन आणि धूळ आमच्या पोरांना समजावून सांगावी लागली नाही. पण खरा जीव पुढच्या भागात आहे. ही छावणी आदिवासींच्या राखीव जमिनीवर, त्यांच्या पंचायतीचा विरोध डावलून उभारली होती. सुमिकोची ओळख मोहावे जमातीच्या फ्रँकशी होते. छावणीत वीज, त्याच्या लोकांकडे नाही! त्याच्या भावाला या जपानी शेतकऱ्यांकडून पाटपाण्याचं तंत्र शिकायचंय. इथे माझी पावरा पोरं पुढे सरकून बसली. जमीन कुणाची आणि सोय कुणाची, हा प्रश्न इतक्या सरळपणे मांडणारं मुलांचं पुस्तक माझ्या तरी पाहण्यात नाही.

मधला भाग थोडा रेंगाळतो. सैन्यात जावं की नाही यावरून मोठ्यांत चाललेला ताण आणखी उलगडायला हवा होता. तरी सुमिकोनं त्या कोरड्या मातीत फुलं उगवायला जी धडपड केली आहे, ती शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही भिडेल.

१९८८ मध्ये अमेरिकी सरकारनं माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर द्यायचा कायदा केला. कथा त्याच्या कितीतरी आधी संपते, तेव्हा हे मुलांना वेगळं सांगावं लागेल. इंग्रजी साधं आहे, आठवी-नववीची पोरं आपली आपण वाचतील. त्याहून लहानांना मात्र जवळ घेऊन वाचा, आणि केकचा प्रसंग घाईत उरकू नका.