गंगापूर रोडवरची विंगर बॅच: ड्रिब्लिंग झकास, क्रॉसची बोंब

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका टर्फवर शनिवार-रविवारी 12 ते 16 वयाच्या मुलांसाठी खास विंगरची, म्हणजे फुटबॉलमध्ये मैदानाच्या कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूची, बॅच चालते. फी महिना 2000 रुपये. पोस्टरवर आयव्हरी कोस्टचा विंगर सायमन अडिंग्राचा फोटो, खाली ‘युरोपची वाट इथून’. वाटेचं नंतर बघू, आधी शिकवणं.

ड्रिब्लिंग चांगलं घोटून घेतात. एकेक मीटरवर प्लास्टिकचे आठ कोन (शंकू), बॉल करंगळीच्या बाजूने ढकलायचा, पावलागणिक टच. मग 15 बाय 10 मीटरच्या चौकटीत एकास एक. डिफेंडर दोन मीटरवर आला की वेग बदला, हे कोच बजावतात ते योग्यच. त्याहून जवळ गेलं तर तो पाय घालतो, लांबूनच चकवलं तर त्याला सावरायला वेळ मिळतो. स्टेपओव्हर, म्हणजे चकवायला बॉलवरून नुसता पाय फिरवणं, मात्र जागेवर उभं करून शिकवतात. मॅचमध्ये तो फक्त शोभेचा; डिफेंडरचा भार एका पायावर गेला, त्याच क्षणी मारला तर चालतो.

खरी बोंब क्रॉसची, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकायच्या बॉलची. टर्फ जेमतेम 20 मीटर रुंद, भोवती जाळी. बॉल निसटला तरी जाळीला आपटून परत पायात. लाइनीचा धाक नाही, डिफेंडरच्या मागे पळायला जागा नाही, मग सगळी मुलं आत वळून शॉट मारतात. अडिंग्राने नाव कमावलं ते नेमकं उलट करून. 11 फेब्रुवारी 2024, आबिदजान, आफ्रिका कपची फायनल, समोर नायजेरिया. हा उजव्या पायाचा, खेळत होता डाव्या विंगला. 62व्या मिनिटाला त्याच्या कॉर्नरवर सहकारी केसीचा हेडर, गोल. 81व्या मिनिटाला बाहेरून निघून डाव्या पायाने क्रॉस, स्ट्रायकर हालेरने नुसता पाय लावला, आयव्हरी कोस्ट 2-1.

तसा क्रॉस मारायचा तर टेकवलेला पाय बॉलच्या शेजारी हवा, छाती बॉलवर, आणि मारण्याआधी मान एकदा वर. मागे झुकलात की बॉल गेला आभाळात. महिन्यातले दोन रविवार तरी बॅच मोठ्या मैदानावर न्यायला हवी. आपली मैदानं मुरमाड; तिथे लांब स्टडचे बूट घालून वाढत्या वयातल्या मुलांच्या टाचा धरतात. बारीक रबरी स्टडचे टर्फ शूजच बरे.

आता पोस्टर. अडिंग्रा आयव्हरी कोस्टचा, पण घडला घानातल्या राइट टू ड्रीम या निवासी अकादमीत. राहणं, शाळा, सराव सगळं तिथेच. मग डेन्मार्कचा नॉर्शेलंड क्लब, 2022 मध्ये इंग्लंडचा ब्रायटन, तिथून लगेच बेल्जियमला लोनवर (तात्पुरता उसना), 2025 मध्ये इंग्लंडचाच संडरलँड. शनिवार-रविवारच्या दोन तासांचं हे काम नव्हे. शिवाय फिफाच्या नियमानुसार मोजके अपवाद सोडले तर 18 वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात ट्रान्सफर होत नाही. तेव्हा चौदा वर्षांच्या पोराच्या ‘युरोप ट्रायल’साठी कुणी पैसे मागितले, तर आधी क्लबचं पत्र मागा.

नाव घालायचंच असेल तर एप्रिल-मेमध्ये चारची बॅच टाळा, सहानंतरची घ्या. दुपारच्या उन्हात टर्फ इतका तापतो की तळवे भाजतात, मुलं पाय उचलत नाहीत आणि टच बिघडतो.