ओढ्यातला तास: राधानगरी-दाजीपूरच्या निसर्ग शिबिराचा अनुभव

राधानगरी मागे टाकून दाजीपूरच्या रस्त्याला लागलं की जंगलाच्या कडेला मुलांसाठी निसर्ग शिबिरं घेणारं एक छोटं केंद्र आहे. कौलारू खोल्या, एक हॉल, समोर पटांगण आणि मागच्या बाजूला वर्षाचे बरेच महिने वाहणारा ओढा. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या शाळेची आठवीची मुलं घेऊन जानेवारीत तिथे दोन मुक्काम केले. मी विज्ञान शिकवते. तेव्हापासून दुसऱ्या शाळांतले शिक्षक विचारतात, पाठवावं का? माझं उत्तर हो आहे, आणि ते मुख्यतः त्या ओढ्यात भरलेल्या एका तासामुळे.

वर्ग घेणारी ताई वनस्पतिशास्त्र शिकलेली, वयाने लहानच. तिने मुलांना गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि एकच सूचना दिली: दगड हळू उचला, खालची बाजू बघा, पुन्हा होता तसाच ठेवा. पाच-सात मिनिटं ती काहीच बोलली नाही. मग एकेक ओरडायला लागले. "बाई, वाळू चालाय लागल्या बघा!" वाळूचे कण एकमेकांना चिकटवून नळीसारखं घर करणारी आणि ते अंगाभोवती घेऊन फिरणारी कॅडिसफ्लाय या किड्याची अळी होती ती. कुणाला मेफ्लाय या दुसऱ्या किड्याची पिल्लं मिळाली, चपटी, दगडाला घट्ट धरून बसलेली, शेपटाकडे बारीक धागे असलेली. चतुराची पिल्लं निघाली. पाणनिवळ्या तर आधीपासूनच पृष्ठभागावर पळत होत्या. पांढऱ्या ट्रेमध्ये थोडं पाणी घेऊन त्यात एकेक जीव सोडायचा, भिंगातून बघायचा, वहीत चित्र काढायचं आणि परत ओढ्यात सोडायचा.

नाव सांगायची घाई ताईने केली नाही, हे मला फार आवडलं. मुलांनी आधी पाय मोजले, कल्ले कुठे आहेत ते शोधलं, कोणता जीव वाहत्या पाण्यात आणि कोणता कडेच्या साचलेल्या डबक्यात सापडला त्याचा तक्ता केला. नाव सगळ्यात शेवटी आलं. नंतर तिने विचारलं, हे जीव इथेच का? वाहतं, थंड पाणी दगडांवर आपटतं, त्यात हवा मिसळते, प्राणवायू भरपूर राहतो. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय यांच्यातल्या बहुतेकांना असंच पाणी लागतं. पाणी घाण झालं, त्यातला प्राणवायू घटला की आधी हेच नाहीसे होतात. म्हणजे प्रयोगशाळेत बाटली न पाठवताही ओढ्याच्या तब्येतीचा अंदाज दगड उलटून घेता येतो. पुढे नववी-दहावीला मुलांना जलसुरक्षा हा विषय येतो. त्याचा पाया इथे गुडघाभर पाण्यात घातला गेला असं मी म्हणेन.

त्यानंतर ताईने पटांगणात खडूने नकाशा काढला. हा ओढा भोगावतीला मिळतो, भोगावतीवर राधानगरी धरण. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी कोल्हापुरात प्रत्येक घरात ऐकली जाते. एकूण सात स्वयंचलित दरवाजे, एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी, हे आकडे मुलांना तोंडपाठ होते. पण ते पाणी येतं कुठून, हे त्यांनी पहिल्यांदाच पायाने अनुभवलं. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी आणि न दिसणारी सरस्वती मिळून पंचगंगा, हे चौथीतलं पाठांतर. मुलांनी खडूच्या रेषांवर उभं राहून नद्या केल्या आणि प्रयाग चिखलीला संगम झाला. पंचगंगा झालेल्या मुलाला शेवटी शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला झालेल्या मुलीने येऊन धक्का दिला, तेव्हा कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही.

सड्यावरचा वर्ग दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. जांभ्याचा उघडा, सपाट, झाडं नसलेला पठाराचा भाग. शहरातून येणाऱ्याला तो पडीक माळ वाटतो. सुतळीने एक मीटरचा चौकोन आखून त्यात काय काय आहे ते मोजायचं, आणि तसाच चौकोन पुन्हा खाली जंगलात आखायचा. जानेवारीत सडा वाळलेला असतो. सप्टेंबरात सोनकी, तेरडा, सीतेची आसवं आणि किडे पकडून खाणारी दवबिंदू अशी फुलांची चादर असते, ती आम्हाला बघायला मिळाली नाही. तरीही एकेका चौकोनात सुकलेल्या बोंडांचे, बियांचे, गवताचे इतके प्रकार निघाले की मुलं आपापसात भांडायला लागली, कुणाच्या चौकोनात जास्त म्हणून. जांभा सच्छिद्र असतो, पाऊस मुरवतो आणि खालच्या झऱ्यांना महिनोन् महिने पाणी पुरवतो. आदल्या दिवशीचा ओढा जानेवारीतही वाहत होता त्याचं कारण पायाखाली होतं. याच प्रकारच्या सड्यांखाली बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज असतं आणि आपल्या जिल्ह्यात त्याच्या खाणीही आहेत. ताईने हा विषय टाळला नाही, भाषणही दिलं नाही. खाण हवी की नको यावर मुलांचे दोन गट करून बोलायला लावलं. एका मुलाचे मामा ट्रक चालवतात. त्याने रोजगाराची बाजू इतकी नीट मांडली की दुसऱ्या गटाला खरोखर विचार करावा लागला. पर्यावरणाच्या वर्गात अशी बाजू ऐकून घेतली जाते, हे मी क्वचित पाहिलंय.

जवळच्याच गावातले एक मामा वाट दाखवायला होते. वय साठीच्या पुढचं, पायात साध्या चपला. त्यांना अजून जास्त वेळ द्यायला हवा होता, ही माझी केंद्राकडे पहिली मागणी. ऐनाच्या झाडाशी थांबून त्यांनी मुलांना मगरीच्या पाठीसारख्या सालीवरून हात फिरवायला लावला. वर फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दाखवला, शेकरूचं घरटं. एकच शेकरू अशी कितीतरी घरटी बांधतं, हे मुलांना नवीन होतं. आपला राज्यप्राणी आहे एवढंच त्यांना पुस्तकातून माहीत होतं. उदमांजराच्या विष्ठेतल्या बिया काडीने वेगळ्या करून ते म्हणाले, "ह्यो बी माळीच हाय जंगलातला." झाडाच्या खोडावरचं दगडफूल दाखवल्यावर मुलींना लगेच घरची चटणी आठवली. डंकावर मिरच्या कुटायला नेताना मसाल्याच्या पुडीत हेच असतं. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून दगडफूल बनतं आणि त्याच्या बऱ्याच जातींना गाड्यांचा-कारखान्यांचा धूर सोसत नाही. शहरातल्या झाडांच्या खोडांवर ते किती दिसतं ते बघून सांगा, असं काम ताईने लगेच देऊन टाकलं.

गवा आम्हाला लांबून दिसला, संध्याकाळी, गवताच्या कडेला तिघे-चौघे. त्याच गव्यासाठी 1958 मध्ये दाजीपूरचं अभयारण्य झालं, पुढे 1985 मध्ये ते वाढवून 351 चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य केलं गेलं आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याचं नाव आहे. मुलांच्या डोक्यात मात्र दुसरीच आठवण होती. 2021 च्या डिसेंबरात गवे कोल्हापूर शहरापर्यंत आले होते, लोक मागे धावले, मोबाइल काढून उभे राहिले, आणि जवळच्या गावात एका तरुणाचा जीव गेला. एका मुलीने मामांना थेट विचारलं, गवा वाईट असतो का? मामा म्हणाले, "गवा वाईट नसतोय. आपण त्याची वाट आडवली की त्यो घाबरतोय. पळायचं न्हाई, आरडायचं न्हाई, बाजूला व्हायचं आन् त्याला जाऊ द्यायचं." हे वाक्य मुलांनी वहीत लिहून घेतलं. आमच्याकडे उसाच्या फडापर्यंत गवे येतात, त्यामुळे हे शिक्षण चैनीचं नाही.

आता जे पटलं नाही ते. रात्री जेवणानंतर हॉलमध्ये हवामान बदलावर स्लाइड दाखवल्या गेल्या. ध्रुवावरचं अस्वल, वितळणारा बर्फ, इंग्रजी आलेख. दिवसभर चालून दमलेली मुलं डुलक्या घेत होती. शिरोळपासून शहरापर्यंत 2019 आणि 2021 चे महापूर या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेत, काहींच्या घरात पाणी शिरलं होतं. पाऊस कमी दिवसांत जास्त पडला की धरणाचं, नदीचं, घराचं काय होतं, हा विषय त्यांच्या तोंडून काढता आला असता. तो तास बंद करून मुलांना अंगणात चांदण्या बघायला बसवलं तरी चालेल. रात्रीचा फेरफटकाही घाईत झाला. एका वाटाड्याबरोबर सगळी तुकडी, हातात पंधरा-वीस बॅटऱ्या, मग प्राणी कसले दिसणार? दोन गट करायला हवेत.

मुलींसाठी स्वच्छतागृहं अपुरी आहेत. सकाळी रांगेत बराच वेळ जातो आणि पाळी सुरू असलेल्या मुलींची त्यात फार अडचण होते. पॅड टाकायला झाकणाचा डबाही नव्हता, मागितल्यावर आणून दिला. ही गोष्ट केंद्राने सगळ्यात आधी सुधारावी. मी त्यांना तोंडी सांगितलं, लेखीही दिलं आहे.

जेवण उत्तम. नाचणीची भाकरी, पिठलं, आमटी, भात, एका वेळी वांग्याचं भरीत. वेफर्सची पाकिटं आल्या आल्या काढून घेतात आणि घरी जाताना परत देतात. ताटात उरलेलं अन्न एका बादलीत टाकून रोज वजन करतात, फळ्यावर लिहितात. पहिल्या रात्रीचा आकडा बघून मुलं गप्प झाली. शेवटच्या जेवणाला बादली जवळजवळ रिकामी होती.

शुल्क मुलामागे अठराशे रुपये पडलं, त्यात राहणं, खाणं, मार्गदर्शक सगळं आलं. बसचा खर्च वेगळा. आमच्या पालकांसाठी ही रक्कम लहान नाही. काही मुलांचे पैसे माजी विद्यार्थ्यांनी भरले. केंद्राने सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी वेगळा दर ठेवावा, असं माझं मनापासून म्हणणं आहे, कारण हे शिक्षण फी परवडणाऱ्या शाळांपुरतं राहिलं तर नदीकाठी राहणारीच मुलं त्यातून वगळली जातील.

दुसरी उणीव पाठपुराव्याची. शिबिर संपलं की केंद्राकडून प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो येतो, पुढे काही नाही. म्हणून आम्ही शाळेतच सुरू केलं: तेच पांढरे ट्रे, तीच भिंगं, आणि रविवारी पंचगंगा घाट. दाजीपूरला मिळालेल्यातलं तिथे जवळजवळ काहीच मिळालं नाही. गाळात लाल अळ्या मिळाल्या, कायरोनोमिड नावाच्या डासासारख्या बारीक किड्यांच्या. त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही त्या तग धरतात आणि त्याचमुळे लाल दिसतात. मुलांनी दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी वर्गात लावलेत. उन्हाळ्यात केंदाळ, म्हणजे जलपर्णी वाढली की पुन्हा जाऊन मोजायचं त्यांनी ठरवलंय. हीच पद्धत लिहून केंद्राने प्रत्येक शाळेला द्यावी, ट्रे आणि भिंगांचा एक संच उसना द्यावा.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते जानेवारीत जा. पावसाळ्यात अभयारण्यात प्रवेश बंद असतो, आणि फेब्रुवारीनंतर ओढ्याचं पाणी उतरत जातं. तुकडी तीसच्या वर नेऊ नका. सोबत एक शिक्षिका हवीच. पायात जुने बूट द्या, स्लीपरने ओढ्यात पाय घसरतात. आणि ठरवताना केंद्राला आधीच सांगा की ओढ्याचा वर्ग पहिल्या दिवशी सकाळी हवा, मामा पूर्ण वेळ बरोबर हवेत आणि रात्रीच्या स्लाइड नकोत. आमचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं, तुमचंही ऐकतील.