भूमध्य समुद्रातील क्रूझ : छापील साडेसत्तेचाळीस तास आणि हाती आलेले साडेपंचवीस

मार्सेल बंदराच्या शुल्काचे २७ युरो ४० सेंट गेल्या आठवड्यात क्रूझ कंपनीकडून आमच्या खात्यात परत जमा झाले. जहाजावरून उतरून तेव्हा पाच महिने होऊन गेले होते. रक्कम लहान आहे, परंतु ती मिळवण्यासाठी अकरा ईमेल लिहावे लागले आणि त्यासाठी प्रवासातली माझी नोंदवही पुन्हा बाहेर काढावी लागली. प्रत्येक बंदरावर आम्ही जहाजाबाहेर कधी पडलो, शहरात कधी पोहोचलो आणि तिथून कधी निघालो, याच्या वेळा त्या वहीत मिनिटांसह लिहिलेल्या आहेत. परतल्यावर लगेच हा अनुभव लिहिला असता, तर तो जेवणाविषयी आणि केबिनविषयी झाला असता. आज मात्र माझी खात्री झाली आहे की, क्रूझचे तिकीट काढताना आपण प्रामुख्याने जमिनीवरचे तास विकत घेत असतो, आणि ते तास मोजल्याखेरीज तिकीट स्वस्त की महाग हे सांगता येत नाही.

आमचा मार्ग नेहमीचाच होता. स्पेनमधल्या बार्सिलोनाहून निघून फ्रान्समधले मार्सेल, इटलीतली जेनोवा, चिविताव्हेक्किया आणि नेपल्स, माल्टाची राजधानी व्हॅलेटा, नंतर एक दिवस समुद्रात आणि पुन्हा बार्सिलोना, अशा सात रात्री. ऑक्टोबर महिना, पाच हजारांहून अधिक प्रवाशांचे जहाज आणि आम्ही दोघे. माहितीपत्रकात पाच बंदरांवरच्या मुक्कामाच्या वेळा दिल्या होत्या आणि त्यांची बेरीज साडेसत्तेचाळीस तास होत होती. ही बेरीज मी घरूनच करून नेली होती.

पहिल्याच बंदरावर त्यातले नऊ तास गेले. सकाळी साडेसहाला कॅप्टनने ध्वनिक्षेपकावरून सांगितले की, मिस्त्रालचा जोर फार असल्यामुळे जहाज मार्सेलला लागणार नाही. मिस्त्राल म्हणजे रोन नदीच्या खोऱ्यातून लायन्सच्या आखातावर उतरणारा थंड, कोरडा वारा. एवढ्या उंच जहाजाची बाजू अशा वाऱ्यात शिडासारखी काम करते आणि बंदरात वळताना ते आवरणे अवघड होते. त्या दिवशी डेकवरच्या आरामखुर्च्या दोरांनी बांधून ठेवल्या होत्या, आणि दार उघडायला आम्हा दोघांनाही जोर लावावा लागत होता. कॅप्टनच्या निर्णयाविषयी माझी कणभरही तक्रार नाही. कोणत्याही कारणाने मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीने करारात राखून ठेवलेला असतो, हेही मी आधी वाचले होते.

तक्रार आहे ती त्यानंतरच्या वागणुकीची. आमच्या पावतीत बंदर शुल्क ही भाड्याहून वेगळी ओळ होती. जहाज ज्या बंदरात शिरलेच नाही, त्या बंदराचे शुल्क कंपनीने भरलेले नव्हते, म्हणून ते आमच्याकडून घेण्याचे कारणही उरले नव्हते. ही रक्कम जहाजावरच्या खात्यात वळती होईल, असे स्वागतकक्षात सांगण्यात आले. शेवटच्या दिवशीच्या बिलात ती नव्हती, तेव्हा घरी गेल्यावर लिहा, असे उत्तर मिळाले. घरून लिहिले, तर करारातील मार्गबदलाचे कलम पाठवण्यात आले, जे मी मागितलेलेच नव्हते. चौथ्या उत्तरात पुढच्या प्रवासात वापरता येईल अशी सवलत देऊ केली. ती मी नाकारली, कारण ज्या खात्यातून पैसे घेतले त्याच खात्यात ते परत यायला हवेत. शेवटी पावतीतली ती ओळ आणि त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रकातला ‘आजचा दिवस समुद्रात’ हा मथळा, या दोन्हींची छायाचित्रे एकाखाली एक लावून पाठवली, तेव्हा प्रकरण हलले. कार्यक्रमपत्रक रोज रात्री केबिनच्या दारात ठेवतात. ते फेकू नका.

जेनोवाबद्दल मी निघताना फारशी आशा धरली नव्हती, आणि वहीत सर्वाधिक तास त्याच बंदराच्या नावावर आहेत. जहाज शहराला लागूनच असलेल्या जुन्या प्रवासी धक्क्यावर उभे राहते. पावणेनऊच्या सुमारास जहाजाच्या उतरवाटेवरून उतरलो आणि काही मिनिटांतच शहरात होतो. बस नाही, गाडी नाही, एक युरोही खर्च नाही. दोन माणसे जेमतेम शेजारून जातील अशा अरुंद गल्ल्यांमधून चालत आम्ही गारिबाल्डी रस्त्यावरच्या प्रासादांपर्यंत गेलो. हे प्रासाद २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. दुपारी हरभऱ्याच्या पिठाची, लाकडाच्या भट्टीत मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेली फरिनाता कागदात गुंडाळून घेतली आणि पायरीवर बसून खाल्ली. संध्याकाळी जहाज सुटताना १५४३ मध्ये बांधलेला लांतेर्ना हा दीपस्तंभ जवळून दिसला. छापील दहा तासांपैकी पूर्ण आठ तास आम्हाला शहरात मिळाले.

आता रोमविषयी. माहितीपत्रकात या दिवसासमोर ‘रोम’ हे नाव ठळक अक्षरांत आणि ‘चिविताव्हेक्किया’ हे नाव कंसात बारीक अक्षरांत छापलेले होते. हे बंदर सम्राट ट्राजनने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी बांधवून घेतले आणि ते रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. जहाजाकडून केवळ बसने नेऊन आणण्याचे माणशी ७५ युरो मागत होते. दोघांचे १५० युरो मला निव्वळ लूट वाटली. म्हणून आम्ही बंदराच्या मोफत बसने बाहेर पडलो, शहरबसने स्थानक गाठले आणि प्रादेशिक रेल्वेने सान पिएत्रो स्थानकावर उतरलो, जिथून व्हॅटिकन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही सेंट पीटर चौकात होतो. बॅसिलिकाची, म्हणजे तिथल्या भव्य चर्चची, रांग चौकाला वळसा घालून गेलेली पाहिली आणि आत जाण्याचा विचार सोडला. तीच गोष्ट कलोसियमची. ज्या शहराला चार दिवसही अपुरे पडतात, तिथे हातात सहा तास असले की काय पाहायचे यापेक्षा काय सोडायचे याचाच विचार अधिक करावा लागतो.

पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर मात्र सोडले नाही, आणि त्या वेळी पाऊस आला हे आमचे भाग्य. घुमटाच्या माथ्यावर जवळपास नऊ मीटर रुंदीचे गोल छिद्र आहे आणि त्याला काच नाही. पावसाच्या धारा त्यातून सरळ आत, फरशीच्या मधोमध पडत होत्या. कर्मचाऱ्यांनी तेवढा भाग दोरी लावून मोकळा केला होता. पाणी साचत नव्हते, कारण संगमरवरी फरशीत लहान लहान भोके आहेत आणि मध्यभागी तिला किंचित फुगवटा असल्यामुळे पाणी कडेला सरकत त्या भोकांत उतरते. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ती व्यवस्था आमच्यासमोर काम करत होती. आम्ही तिथे पस्तीस मिनिटे उभे होतो, आणि माझ्या दृष्टीने रोमचा सगळा दिवस त्या पस्तीस मिनिटांनी भरून पावला.

परतीची गाडी सान पिएत्रोहून पावणेचारची होती. जहाजावर परतण्याची अखेरची वेळ साडेपाचची असल्यामुळे हाताशी भरपूर वेळ आहे, असे आम्ही धरून चाललो होतो. वाटेतल्या लादिस्पोली या गावाच्या पुढे गाडी थांबली आणि जवळपास अर्धा तास जागची हलली नाही. डब्यात आमच्याच जहाजाची कार्डे गळ्यात अडकवलेली आणखी दोन जोडपी होती, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हते. “अगं, होईल सुरू,” असे माझे पती तीनदा म्हणाले आणि चौथ्यांदा त्यांनी स्वतःच घड्याळ पाहिले. चिविताव्हेक्कियाला उतरल्यावर टॅक्सी करून थेट धक्क्यावर आलो, तेव्हा पाच वाजून चोवीस मिनिटे झाली होती. सहा मिनिटे उरली होती. त्या दिवशीच्या पानावर माझे अक्षर ओळखू येत नाही.

जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबते. आपल्या जबाबदारीवर गेलेल्यांसाठी ते थांबत नाही, आणि मागे राहिलेल्यांनी पुढचे बंदर स्वखर्चाने गाठायचे असते. हे मला निघण्यापूर्वीही माहीत होते, पण ती थांबलेली गाडी अनुभवेपर्यंत त्याचा अर्थ उमगला नव्हता. त्यामुळे इथे माझे मत मी बदलते. बंदर शहरापासून ऐंशी किलोमीटरवर असेल, परतीची वाट एकाच रेल्वेमार्गावर अवलंबून असेल, तर ते ७५ युरो भाडे नसून विमा आहे आणि तो घ्यावा. जेनोवा, नेपल्स किंवा व्हॅलेटासारखे बंदर शहरातच असेल, तर जहाजाच्या सहलीला एक युरोही देऊ नये. इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होत असतात. अशा दिवशी कामाच्या वारी प्रादेशिक गाड्यांची हमी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ एवढीच असते, आणि क्रूझच्या प्रवाशाला परतायचे असते ते नेमके त्यांच्या मधल्या वेळेत. तारीख ठरवताना हे पाहून घ्यावे.

नेपल्सचा धक्का कास्तेल नुओवो या किल्ल्याच्या समोरच आहे. आम्ही मुनिचिपिओ स्थानकातून मेट्रोने गारिबाल्डी स्थानकाला आणि तिथून चिर्कुमव्हेसुव्हिआना या लोकल गाडीने पॉम्पेईला गेलो. गाडी जुनी, गर्दीची आणि उकाड्याची आहे, पण ती उत्खननाच्या दारापाशी सोडते. साडेतीन तासांत अवशेषांचा जेमतेम चौथा भाग पाहून झाला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या या शहरात माझ्या लक्षात राहिले ते रस्ते. काळ्या दगडी फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. रस्ता ओलांडण्यासाठी मध्ये उंच दगड बसवले आहेत आणि त्यांच्यामधल्या फटी त्या चाकोऱ्यांच्या बरोबर रेषेत येतात, म्हणजे पादचाऱ्याचे पाय कोरडे राहावेत आणि गाडीही अडू नये. माझ्या पतींनी चाकोरीत बोटे घातली, तर ती मुळापर्यंत आत गेली. त्यांच्या गुडघ्यांना मात्र त्या दगडांचा फार त्रास झाला. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जाड तळव्याचे बूट घालावेत.

त्याच रात्री, बाराच्या सुमारास, सातव्या डेकवरच्या मोकळ्या फेरवाटेवरून आम्हाला स्ट्रॉम्बोली हा समुद्रातला ज्वालामुखी दिसला. काळ्या समुद्रात त्याहून काळा सुळका आणि काही मिनिटांच्या अंतराने माथ्यावर उमटणारी लाल ठिणगी. आधी मला ते मासेमारी नौकेचे दिवे वाटले. तिसऱ्यांदा उजळले तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी बोटाने आकाशात त्रिकोण काढून दाखवला आणि मग उलगडा झाला. यासाठी वेगळे पैसे पडले नाहीत.

बाल्कनीची गोष्ट यालाच जोडून सांगते. बाल्कनीच्या केबिनसाठी आम्ही ३४० युरो जास्त मोजले होते. सात रात्रींत तिथे बसलेल्या वेळेची माझ्या वहीतली बेरीज तीन तासही होत नाही. सकाळी उतरण्याची घाई असते, दिवसभर जहाजावर नसतो आणि बंदर सोडतानाचे दृश्य वरच्या डेकवरून दोन्ही बाजूंना दिसते, तर बाल्कनीतून एकाच. पाच बंदरांच्या मार्गावर आतली, खिडकी नसलेली केबिन पुरते. सेवाशुल्क माणशी रोज १२ युरो आपोआप बिलात लागले, ते मी आनंदाने दिले. आमची केबिन पाहणाऱ्या मुलाने माझ्या पतींचे गुडघे पाहून न सांगता जास्तीची उशी ठेवली होती.

व्हॅलेटासाठी माहितीपत्रकात सर्वांत कमी, म्हणजे आठच तास होते, आणि तोच दिवस सर्वांत मोठा वाटला. जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरते तेव्हा दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या चुनखडीचे तट असतात. ऑटोमन तुर्कांनी घातलेल्या १५६५ च्या वेढ्यानंतर पुढच्याच वर्षी, १५६६ मध्ये, या शहराची पायाभरणी झाली, आणि शत्रूच्या जहाजांवर वरून नजर ठेवण्यासाठी बांधलेल्या तटांखालीच आज प्रवासी जहाजे उभी राहतात. धक्क्यावरून थोडे चालले की ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, जी थेट अप्पर बराक्का बागेत नेऊन सोडते. पॉम्पेईनंतर त्या लिफ्टचे मोल माझ्या पतींनाच ठाऊक. दुपारी बाराला डागली जाणारी तोफ आम्ही वरून पाहिली. नंतर सेंट जॉनच्या को-कॅथीड्रल या मोठ्या चर्चमध्ये इटालियन चित्रकार कारावाज्जोने १६०८ मध्ये रंगवलेले, बाप्तिस्मा देणाऱ्या संत जॉनच्या शिरच्छेदाचे प्रचंड चित्र पाहिले. त्याने सही केलेले हे एकमेव चित्र मानले जाते, आणि ती सही जमिनीवर सांडलेल्या रक्ताच्या रंगात आहे. अर्धा तास आम्ही समोरच्या बाकावर बसून होतो. परतण्याची चिंता नव्हती, कारण बागेच्या कठड्यावरून खाली आमचे जहाज दिसत होते.

वहीचा हिशेब असा : जेनोवा ८ तास, रोम ६ तास ५ मिनिटे, पॉम्पेई आणि नेपल्स मिळून सव्वापाच तास, व्हॅलेटा सव्वासहा तास, मार्सेल शून्य. एकूण २५ तास ३५ मिनिटे. कंपनीच्या सर्वेक्षणात मी एकच मागणी लिहिली आहे की, माहितीपत्रकात प्रत्येक बंदरासमोर शहराचे अंतर किलोमीटरमध्ये आणि परतण्याची अखेरची वेळ, दोन्ही ठळक छापावे. आजवर उत्तर नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा जाण्याचे ठरत आहे. नेपल्स किंवा व्हॅलेटाला रात्रभर थांबणारे, आकाराने लहान असे जहाज शोधतो आहोत, आणि घेतली तर आतलीच केबिन घेऊ. रोमसाठी वेगळे चार दिवस काढून, जहाजात चढण्यापूर्वीच तिथे मुक्काम करायचा आहे.