कीस्केप: दुर्मीळ वाद्यांसाठी घ्यावी अशी लायब्ररी
ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोची पट्टी सोडली की आतल्या यंत्रणेचा बारीक 'टक' असा आवाज येतो. गोंगाट समजून तो काढून टाकण्याचा मोह ध्वनिमुद्रण करणाऱ्याला सहज होऊ शकतो. स्पेक्ट्रासॉनिक्स या अमेरिकी कंपनीने २०१६ मध्ये आणलेल्या 'कीस्केप' या लायब्ररीत, म्हणजे संगणकावर वाजवता येणाऱ्या मुद्रित वाद्यस्वरांच्या संग्रहात मात्र असे आवाज जपून ठेवले आहेत आणि तिचे मोठेपण मला तिथेच जाणवते. जुनी वाद्ये आधी नीट दुरुस्त करून, सुरात लावून मगच त्यांच्या स्वरांचे नमुने (सॅम्पल) घेतलेले असल्यामुळे कानावर येते ते चांगल्या प्रकृतीचे वाद्य. जुनेपणाचा भास निर्माण करण्यासाठी मुद्दाम घातलेली खरखर नव्हे.

संग्रहात ३६ वाद्ये आहेत. यामाहा सी-७ हा ग्रँड पियानो उजळ आणि देखणा वाजतो, पण चांगला ग्रँड पियानो इतरत्रही मिळतो, म्हणून त्याच्यावर फार वेळ घालवत नाही. खरे आकर्षण आहे ते सहसा पाहायलाही न मिळणाऱ्या वाद्यांचे. डल्सिटोन हे ग्लासगोत तयार झालेले वाद्य. त्यात तारांऐवजी स्वरकाटे (ट्यूनिंग फोर्क) असतात आणि नमद्याच्या हातोड्या त्यांच्यावर पडतात. त्याचा मूळ आवाज इतका हळुवार आहे की मोठ्या मैफलीत तो हरवूनच जाईल. इथे मात्र फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) वर सरकवला की तोच नाजूक स्वर गाण्याच्या अग्रभागी आणता येतो. डॉलसिओला म्हणजे पट्ट्या बसवलेले झिदर (सपाट खोक्यावर ताणलेल्या तारांचे वाद्य), विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बनलेले. त्याच्या तारांचा झंकार पार्श्वसंगीतात दोन-चार स्वरांतही पुरेसा बोलतो. ऱ्होड्सचा 'प्री-पियानो'देखील इथे आहे. हॅरल्ड ऱ्होड्स यांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना खाटेवर पडल्यापडल्या शिकता यावे म्हणून विमानाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून छोटे वाद्य केले होते. प्री-पियानो ही त्याच प्रयत्नांतली पुढची पायरी. त्याचा आवाज खेळण्यासारखा, किंचित बसका आहे आणि नंतरच्या ऱ्होड्सची ओळख त्यात पुसट ऐकू येते.

रोलंड कंपनीच्या एमकेएस-२० या, पियानोचा आवाज इलेक्ट्रॉनिक रीतीने काढणाऱ्या डिजिटल मॉड्यूलचाही संग्रहात समावेश आहे. नकलेची पुन्हा नक्कल कशाला, असे प्रथम वाटते. मात्र ऐंशीच्या दशकातल्या पॉप संगीताचा तो चकचकीत पियानो हवा असेल, तर हाच लागतो.

पेटीवर हात बसलेल्या वादकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेटीत आवाजाचा चढ-उतार भात्याच्या हाती असतो, पट्टी जोरात दाबली म्हणून स्वर बदलत नाही. ऱ्होड्समध्ये तोच स्वर हलक्या आघाताला घंटेसारखा गोल आणि जोरदार आघाताला गुरगुरणारा निघतो. कीस्केपमध्ये हा फरक आघाताच्या पायऱ्यापायऱ्यांनी टिपलेला आहे. त्यामुळे संगणकाला जोडायच्या, बिनवजनाच्या पट्ट्यांच्या स्वस्त मिडी कीबोर्डवर ही लायब्ररी निम्मीच उलगडते. वजनदार पट्ट्यांचा कीबोर्ड नसेल, तर आधी त्यासाठी पैसे साठवावेत.

पूर्ण संग्रहाला सुमारे ७७ जीबी जागा लागते, तेव्हा वेगवान एसएसडी हाताशी असलेली बरी. जागा कमी असेल, तर लहान आवृत्ती बसवण्याची सोय आहे. स्वतःचे सॅम्पल यात भरता येत नाहीत, ही मर्यादा प्रयोगशील संगीतकाराला खटकेल. ज्यांच्याकडे याच कंपनीचे ऑम्निस्फिअर २ हे सिंथेसायझर सॉफ्टवेअर आहे, त्यांना हे सारे आवाज तिथे उघडून हवे तसे मोडता-जोडता येतात आणि त्यांच्यासाठी सौदा अधिक फायद्याचा ठरतो. बाजारात आली तेव्हा लायब्ररीची किंमत ३९९ डॉलर होती. केवळ पियानो हवा असणाऱ्याने एवढा खर्च करू नये. जाहिरातींना किंवा चित्रपटांना संगीत देणाऱ्याने मात्र डल्सिटोन आणि डॉलसिओला ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नये.