ब्रिटनमधल्या गाड्यांचे रंग आणि स्थानकांवरच्या पाट्या: अकरा महिने वापरल्यावर

आधीच कबूल करतो, पहिल्या महिन्यातलं माझं मत आता राहिलेलं नाही. तेव्हा भेटेल त्याला सांगत सुटलो होतो की या देशातल्या सगळ्या गाड्या एका रंगात रंगवून टाका, म्हणजे कटकट मिटेल. अकरा महिने, आठवड्यातले चार दिवस, येताना-जाताना एकेकदा गाडी बदलून झाल्यावर गाड्यांचे रंग मला फारसे खुपत नाहीत. पाट्या खुपतात, आणि दिवसेंदिवस जास्तच.

माझा रस्ता असा. घराजवळच्या छोट्या स्थानकावरून एका कंपनीची गाडी, मग एक मोठं जंक्शन, तिथून दुसऱ्या किंवा तिसऱ्या कंपनीची गाडी. कोणत्या कंपन्या ते लिहीत नाही, कारण तक्रार व्यवस्थेबद्दल आहे. इथे रूळ आणि बहुतेक स्थानकं नेटवर्क रेल या सरकारी कंपनीच्या मालकीची. पण वीसेक मोठी स्थानकं सोडली तर रोजचा कारभार त्या त्या भागात गाड्या चालवणाऱ्या कंपनीकडे असतो. त्यामुळे पाटीचा रंग आणि अक्षरांचं वळण बहुतेक ठिकाणी त्या कंपनीचं. कंत्राट बदललं की नवी कंपनी तिच्या रंगाच्या पाट्या लावते, आणि घाईत किंवा काटकसरीत जुन्या काही तशाच राहतात.

आमच्या जंक्शनवर भुयारी मार्गाच्या तोंडाशी लिफ्टची एक पाटी आहे. गेलेल्या कंपनीच्या रंगातली. पहिले दोन महिने मला ती कसली तरी जाहिरात वाटायची. बॅग उचलून रोज जिना चढत होतो! एक दिवस बाबागाडी ढकलणारी एक बाई माझ्यासमोर त्या पाटीखालून वळली, तेव्हा कळलं की तिकडे लिफ्ट आहे. पाटी कंपनीच्या रंगात रंगवली की डोळे तिला जाहिरातीच्या खात्यात टाकतात आणि पुढे सरकतात. घाईतला माणूस वाचत नसतो, ओळखत असतो. आणि ओळखायला तीच गोष्ट तशीच, पुन्हापुन्हा दिसावी लागते.

गंमत म्हणजे हे या देशाला साठ वर्षांपूर्वीच उमगलं होतं. 1965 मध्ये ब्रिटिश रेलने, म्हणजे तेव्हाच्या सरकारी रेल्वेने, सगळीकडे एकच ओळख आणली. जेरल्ड बार्नी यांनी काढलेलं दुहेरी बाणाचं चिन्ह, निळ्या-करड्या गाड्या, आणि जॉक किनीर व मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी घडवलेली ‘रेल अल्फाबेट’ ही अक्षरं. इथल्या रस्त्यांवरच्या पाट्याही याच दोघांच्या. ती अक्षरं इतकी सोपी होती की पुढे इस्पितळांनी आणि विमानतळांनीही वापरली. नव्वदच्या दशकात खासगीकरण झालं, गाड्या पंचवीसेक कंपन्यांत वाटल्या गेल्या, आणि ही एकी विस्कटली. बाण मात्र टिकला. तिकिटावर आहे, स्थानकाबाहेर आहे, रस्त्यावरच्या पाट्यांवर आहे. अनोळखी गावात कितीदा तरी मी फोन न काढता त्या बाणामागे चालत स्थानक गाठलंय. या सगळ्या व्यवस्थेत पाचपैकी पाच गुण मी फक्त त्या बाणाला देईन. नेटवर्क रेलने 2020 मध्ये कॅल्व्हर्ट आणि हेन्रिक कुबेल यांच्याकडून ‘रेल अल्फाबेट 2’ करून घेतली. ती जिथे लागली आहे तिथे मान वर करायचीही गरज पडत नाही, चालता चालता वाचून होतं.

आता रंगांचं. माझं मत बदललं ते तिकिटामुळे. इथे एकाच मार्गावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या धावतात आणि स्वस्त तिकिटांपैकी बरीच एकाच कंपनीच्या गाडीला चालतात. लंडन ते बर्मिंगहॅमचंच घ्या. लंडनच्या यूस्टन स्थानकाहून अवंती वेस्ट कोस्ट आणि लंडन नॉर्थवेस्टर्नच्या गाड्या, मॅरिलबोन स्थानकाहून चिल्टर्नच्या. वेग वेगळा, भाडं वेगळं. चुकीच्या गाडीत बसलात तर नवं तिकीट काढावं लागू शकतं, किंवा दंड होऊ शकतो. इंग्लंडमध्ये तो दंड 100 पाउंड, 21 दिवसांत भरला तर 50, वर प्रवासाचं भाडं वेगळं. अशा वेळी जिना उतरताना लांबूनच गाडीचा रंग दिसणं ही चैन नव्हे, माहिती आहे. चौथ्या महिन्यापासून मी पाटी न बघता रंगावर पळायला लागलो होतो.

आणि त्यातच फसलो. एका संध्याकाळी माझ्या वेळेला, माझ्या फलाटावर, भलत्याच रंगाची गाडी येऊन उभी राहिली. मी शहाण्यासारखा बाकावर बसून राहिलो. ती गेली. मग कळलं की गाडी माझ्याच कंपनीची होती, दुसरीकडून आणलेली, रंगवायची राहिलेली. इथे गाड्या बहुतेक भाड्याने घेतलेल्या असतात, एकीकडून दुसरीकडे जातात, आणि रंग मागाहून येतो. म्हणजे ज्या खुणेवर विसंबायचं ती कधी खरी, कधी शिळी. यापेक्षा खूणच नसलेली बरी, असं त्या चाळीस मिनिटांत फार वेळा वाटून गेलं.

माझ्या एका सहकाऱ्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. त्याच्यापुढे मी हे रंगपुराण लावलं तर तो हसला. त्याला गाडीचं दार दिसलं की पुरे. दार डब्याच्या रंगाहून उठून दिसलंच पाहिजे असा इथे नियम आहे, प्रवास सगळ्यांना सुकर व्हावा म्हणून केलेला. कंपनी कोणतीही असो, दार शोधावं लागत नाही. हे त्याने सांगेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. याउलट पहिल्या वर्गाच्या डब्यावर खिडक्यांच्या वर पिवळा पट्टा असायचा, तो काहींनी ठेवला, काहींनी काढला. फलाटावर अख्ख्या गाडीच्या लांबीएवढं धावल्यावर त्या पट्ट्याची किंमत कळते.

रंगाचा प्रश्न स्कॉटलंडने बराच आधी शहाणपणाने सोडवला. तिथल्या सरकारने 2008 मध्ये ठरवलं की स्कॉटरेलच्या गाड्या निळ्या आणि त्यावर पांढरा सॉल्टायर, म्हणजे स्कॉटलंडच्या झेंड्यावरची तिरपी फुली, मग चालवणारा कोणी का असेना. 2015 मध्ये कंपनी बदलली, 2022 मध्ये कारभार सरकारकडे आला, गाड्यांचा रंग तोच. लंडन ओव्हरग्राउंड या लंडनच्या लोकल सेवेने 2024 मध्ये उलट बाजूने हात घातला. गाड्या नारिंगी ठेवल्या, पण सहा मार्गांना सहा नावं आणि नकाशावर सहा रंग दिले. मला ही दुसरी रीत जास्त पटते. प्रवाशाला मार्ग हवा असतो, गाडीचा मालक कोण याच्याशी त्याला काय करायचंय?

आता सरकार एकेक कंपनी ताब्यात घेतंय. मे 2025 मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वेपासून सुरुवात झाली, आणि डिसेंबरमध्ये ग्रेट ब्रिटिश रेल्वेज या होऊ घातलेल्या सरकारी रेल्वेचा लाल-पांढरा-निळा रंग जाहीर झाला. दिसायला ठीक आहे, झेंडा जरा जास्तच झालाय. माझी धास्ती वेगळी आहे. रंग एक झाला आणि तिकिटांच्या अटी तशाच राहिल्या, तर आज लांबून जे कळतं तेही कळेनासं होईल. आधी तिकीट सरळ करा, मग पाट्या, रंगाचे डबे शेवटी उघडा. निदान जलद आणि सर्व स्थानकांवर थांबणारी गाडी लांबून वेगळी दिसेल एवढी सोय ठेवा.

गेल्या महिन्यात आमच्या जंक्शनवर नव्या पाट्या लागल्या. पांढरी ठसठशीत अक्षरं, फलाटांचे आकडे हातभर उंचीचे, बाहेर जायचा बाण प्रत्येक वळणावर एकाच जागी. पाहुण्यांना आणायला गेलो तर ते मला न विचारताच बाहेर येऊन उभे होते. भुयारातली लिफ्टची पाटी तेवढी जुनीच आहे.