लाउका राष्ट्रीय उद्यान (चिली): जागा अव्वल, पण एका दिवसाची टूर नको

टॉवेलच्या ऑर्डरीसाठी चिलीतल्या इकीकेला जाणं होतं, तेव्हा तसंच वर अरिकाला जाऊन लाउका बघून आलो. सोलापुरातून तिकडं मुद्दाम कोण जाणार म्हणा! पण धंद्यापायी जाणारे आपल्यातही आहेत, त्यांच्यासाठी हे.

जागेला नाव ठेवायला जागाच नाही. उद्यान 1970 सालचं, बोलिव्हियाच्या सीमेला लागून. चुंगारा तलाव 4,500 मीटरवर आणि त्याच्या काठालाच पारिनाकोटा ज्वालामुखी, 6,300 मीटरपेक्षा उंच. हजारो वर्षांपूर्वी या डोंगराची एक बाजू ढासळली, त्या दगडमातीनं पाण्याची वाट अडली आणि तलाव साचला. त्या ढासळीचे उंचवटे कोताकोतानीच्या तळ्यांभोवती अजून दिसतात. दक्षिणेला ग्वायातिरी ज्वालामुखी, हा अजून जागा आहे, वाफ सोडत असतो. फ्लेमिंगो आपण उजनीला बघतोच. मला जास्त आवडला तो तिथला टाग्वा. आपल्या वारकरी पक्ष्याच्या जातीतला, पण इतका जड की मोठा झाल्यावर उडायचं नाव घेत नाही. पाण्यातच शेवाळ-गवताचा ढीग रचून त्यावर घरटं करतो.

आता टूर. कंपनीचं नाव घेत नाही. सकाळी समुद्रकाठच्या अरिकातून उचलतात, दुपारपर्यंत चुंगाराला नेतात आणि संध्याकाळी परत खाली. आपलं सोलापूर साधारण 450 मीटरवर. इथं शून्यावरून थेट साडेचार हजार! एका श्वासात खालच्यापेक्षा निम्म्याहून थोडाच जास्त ऑक्सिजन मिळतो. पिशवीतलं शेंगाचटणीचं पाकीट फुगून टम्म झालं होतं, तेव्हाच अंदाज आला. निम्मी गाडी डोकं धरून बसलेली, एक बाई ओकत होत्या आणि गाइड घाईनं फोटो काढा म्हणतोय. तलावावर मिळाला जेमतेम अर्धा तास. गाडीत ऑक्सिजनची बाटली होती, ती सीटखालून शोधून काढेपर्यंत त्या बाईंचा रंग उडाला होता.

त्यापेक्षा 3,500 मीटरवरच्या पुत्रे गावात एक-दोन रात्री काढा, शरीराला सवय होऊ द्या, मग सकाळी लवकर वर जा. जेवण हलकं, दारू नको. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडं पावसाळा असतो, दुपारनंतर ढग आले की डोंगर गायब. ऊन मात्र आपल्या मे महिन्यालाही लाजवेल असं भाजतं. थंडी वाजतेय म्हणून टोपी विसरू नका.

पारिनाकोटा गावात पांढऱ्या चुन्याचं सतराव्या शतकातलं चर्च आहे, बाहेर शाली विकायला बसतात. पाटीवर ‘अल्पाका’, म्हणजे तिथल्या अल्पाका जनावराची लोकर, पण हातात घेतली तर गुळगुळीत आणि निसरडी. माग चालवणाऱ्या माणसाला काय सांगता? कडेचा एक सुटा धागा मागून घेतला आणि लायटर लावला. लोकर असती तर केस जळल्याचा वास येऊन राख चुरली असती; इथं काळा कडक मणी झाला. निव्वळ अॅक्रिलिक. पलीकडच्या म्हाताऱ्या बाईकडची मात्र खरी निघाली. सूत हातानं पिळलेलं, म्हणून कुठं जाड कुठं बारीक. ती घेतली, आणि घासाघीस केली नाही.