ट्रान्सपोर्ट ऑफिसात टीडीएसचं सॉफ्टवेअर: चार तिमाह्या भरून झाल्यावर

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून लोखंड भरणाऱ्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी हिशेब बघतो. शेठच्या स्वतःच्या गाड्या नऊ, बाकी सगळ्या बाजारातून उचललेल्या. तिमाहीला दीडशेच्या वर ट्रकमालकांना भाडं जातं. पूर्वी एक्सेल करून सीएंकडे पाठवायचो. २०२४-२५ पासून २६क्यू, म्हणजे भाडं देतानाच कापायच्या आयकराचं (टीडीएसचं) तिमाही रिटर्न, भरायला विकतचं सॉफ्टवेअर घेतलं. नाव लिहीत नाही, डीलर रोजच्या चहाचा सोबती आहे.

आधी चांगलं सांगतो. पॅन टाकला की चौथं अक्षर बघून दर आपोआप लागतो: पी (व्यक्ती) किंवा एच (हिंदू एकत्र कुटुंब) असेल तर १ टक्का, एफ (फर्म) किंवा सी (कंपनी) असेल तर २. आधी हे डोळ्यांनी बघायचो आणि महिनाअखेरीला हमखास एखादी फर्म १ टक्क्यात निघून जायची. आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झालेला पॅनही लाल दिसतो. ते कळणं फार गरजेचं, कारण तिथे थेट २० टक्के कापावे लागतात आणि मग मालक फोनवर जे बोलतो ते इथे लिहिता येत नाही.

खरी परीक्षा मात्र 'टी'ची, म्हणजे 'ट्रान्सपोर्टर, म्हणून कपात नाही' या शेऱ्याची. २०२४-२५ ला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात, कलम १९४सीमध्ये, एका वेळचं भाडं ३०,००० च्या वर किंवा वर्षाचं मिळून एक लाखाच्या वर गेलं की कपात आहे. पण ज्याच्या मालवाहू गाड्या दहा किंवा कमी आहेत आणि ज्यानं पॅनसह तसं डिक्लरेशन दिलंय, त्याचं कापायचं नाही. जून २०१५ च्या आधी नुसत्या पॅनवर भागायचं. कापायचं नाही म्हणजे दाखवायचंही नाही, असा समज आमच्या लाइनीत अजून आहे. दाखवायचं असतं. नाव, पॅन, रक्कम सगळं रिटर्नमध्ये जातं, कपात शून्य आणि शेऱ्यात टी.

हा टी सॉफ्टवेअरमध्ये पार्टीच्या मास्टरला, म्हणजे तिच्या कायमच्या नोंदीला, लावायचा. एकदा लावला की वर्षभर चिंता नाही, असं डेमोत सांगितलं होतं. नोव्हेंबरमध्ये आमचा एक जुना ट्रकमालक पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. "घ्या भाऊ, अकरावी गाडी काढली!" मी पेढा तोंडात टाकला आणि तसाच थांबलो. कायद्यात शब्द 'वर्षात केव्हाही' असे आहेत, म्हणजे मध्येच गाड्या दहाच्या वर गेल्या तरी सूट जाते. सीएंना फोन लावला, ते म्हणाले, पुढच्या भाड्यापासून कापा. पेढेवाल्याला हे समजावताना माझी पुरती वाट लागली. पण मास्टरमधला टी काढला तर सॉफ्टवेअरनं एप्रिलपासूनच्या त्याच्या सगळ्या नोंदी 'कपात बाकी' म्हणून उघडल्या, भरलेल्या दोन तिमाह्यांसकट! सपोर्टवाला म्हणाला, "सर, त्याच पॅनवर दुसरी पार्टी बनवा." तेच केलं. आजही यादीत ते दोनदा आहेत, एकदा नुसते आणि एकदा नावापुढे '११' लावून.

दुसरं दुखणं अॅडव्हान्सचं. आमच्याकडे गाडी भरली की सत्तर-ऐंशी टक्के अॅडव्हान्स, त्यातलं काही डिझेलच्या चिठ्ठीनं, उरलेलं पोच (माल मिळाल्याची सही) आल्यावर. कपात मात्र खात्यात जमा किंवा पैसे देणं, यातलं जे आधी होईल तेव्हा. सॉफ्टवेअर तारीख धरतं शेवटच्या व्हाउचरची. मार्चमध्ये भरलेली गाडी, पोच एप्रिलमध्ये, की नोंद गेली पुढच्या वर्षात. डिझेल वजा करून उरलेलीच रक्कम उचलतं, हेही पहिल्या तिमाहीत उशिरा लक्षात आलं. दाखवायचं असतं पूर्ण भाडं. दुरुस्तीचं रिटर्न भरावं लागलं. आता व्हाउचर एंट्रीतच पूर्ण भाडं टाकतो आणि डिझेल वेगळ्या खात्याला. रिटर्नला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये लागतात, त्यामुळे तिसऱ्या तिमाहीच्या मुदतीच्या, म्हणजे ३१ जानेवारीच्या आठवड्यात शेठ माझ्या खुर्चीमागेच उभे असतात.

डिक्लरेशन कुणाचं आलं, कुणाचं राहिलं, याला सॉफ्टवेअरमध्ये जागाच नाही. गाडीची आरसी बायकोच्या नावावर, पॅन मुलाचा, पैसे मेव्हण्याच्या खात्यात, अशी प्रकरणं तर त्याच्या बापालाही कळणार नाहीत. त्यासाठी माझी हिरवी वही आहे. वहीत टिक नसेल तर अॅडव्हान्स सुटत नाही, ड्रायव्हरनं गेटवर कितीही हॉर्न वाजवू दे.

लायसन्स आणखी एका वर्षासाठी भरलंय. वहीही नवी आणली.